नव्या क्लार्क मॅडमना दिसत नाही, तयारी काय करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेचा शाखाधिकारी. पुढच्या महिन्यात एक दृष्टिहीन मुलगी क्लार्क म्हणून रुजू होतेय. बी.कॉम. आहे, मुलाखतीत चांगली बोलली, संचालक मंडळाने एकमताने घेतली. आता सगळा स्टाफ माझ्या तोंडाकडे बघतोय. तिला अंध म्हणायचं की दिव्यांग? काही चुकीचं बोललं गेलं तर? काम काय द्यायचं, कॅशला बसवायचं का? जबाबदारी कोणाची? आणि तिच्या हातून चूक झाली तर बोलायचं की नाही?"

तुम्ही शब्दांची काळजी आधी केलीत आणि कामाची नंतर. क्रम उलटा करा.

दृष्टिहीनांना संगणक शिकवणं आणि पांढरी काठी घेऊन एकट्याने फिरायला शिकवणं, यातच माझी सगळी नोकरी गेली. शिकून नोकरीला लागलेली मुलं-मुली नंतरही फोन करत राहतात. "मला आंधळी म्हणाले" अशी तक्रार येते, नाही असं नाही. पण जास्त वेळा येते ती ही: "मॅडम, मला कामच देत नाहीत. सकाळी गेले की 'बसा निवांत', आणि पाच वाजले की 'निघा आता, अंधार पडेल'." (तिला अंधाराची भीती घालतात, हे त्यांच्या लक्षातही येत नाही!) पगार वेळेवर, बोलणं गोड, आणि टेबलावर एक कागद नाही. माणसाला इतक्या प्रेमाने कोपऱ्यात बसवलं की त्याला तक्रारही करता येत नाही. त्यामुळे तुमची पहिली तयारी तिच्या टेबलावर काम कसं पोचेल याची हवी.

ती रुजू व्हायच्या आधी एक फोन करा, तुमच्या बँकिंग सॉफ्टवेअरवाल्याला. ती संगणक वापरणार स्क्रीन रीडरवर. एनव्हीडीए नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो, विंडोजवर चालतो, मराठीही वाचतो. पडद्यावर जे येईल ते तो बोलून दाखवतो. माउस लागत नाही, सगळं कीबोर्डवर. तिला एक साधा हेडफोन द्या, आणि तो ती एकाच कानाला लावेल तर आश्चर्य वाटू देऊ नका. दुसरा कान काउंटरसाठी मोकळा ठेवावा लागतो.

आता तुम्हीच एक परीक्षा घ्या. माउस बाजूला काढून ठेवा आणि फक्त टॅब, एंटर आणि बाणांच्या कळांवर एक ठेव पावती करून बघा. कुठेतरी अडलात, तर तीही तिथेच अडणार. मग एनव्हीडीए लावून तेच करा. लहान कंपन्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हमखास आढळतं ते असं की बटणांवर चित्रं असतात, पण आत नाव दिलेलं नसतं. डोळ्यांना ते 'सेव्ह' दिसतं, तिला ऐकू येतं "बटण, बटण, बटण". बटणांना नावं देणं हे प्रोग्रामरचं फार मोठं काम नसतं. पण तुम्ही मागितल्याशिवाय तो करणार नाही, आणि मागितल्यावरही "पुढच्या व्हर्जनला बघू" म्हणेल. वार्षिक देखभालीचा करार नूतनीकरणाला आला की मागा, सही करण्याआधी. त्याला कसं करायचं कळत नसेल, तर मुंबईच्या झेवियर्स कॉलेजमधलं एक्सआरसीव्हीसी हे दृष्टिहीनांसाठीचं केंद्र किंवा नॅब ही दृष्टिहीनांसाठी काम करणारी संस्था यांच्याकडे विचारायला सांगा. नॅब 1952 पासून याच क्षेत्रात आहे आणि तिच्या महाराष्ट्र शाखेचं काम नाशिकहून चालतं.

आता फॉन्टचा घोळ. हा आपल्या मराठी कार्यालयांचा खास रोग, म्हणून जरा सविस्तर सांगते. तुमच्याकडची थकबाकीच्या नोटिशींची, सभेच्या अजेंड्याची, ठरावांची जुनी पत्रं बहुधा श्री-लिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली असतील. या जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या पोटात मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरं असतात, वर फक्त देवनागरीचा मुखवटा. तुम्हाला 'महाराष्ट्र' दिसतं. स्क्रीन रीडर मुखवटा बघत नाही, तो पोटातलं वाचतो. कृतिदेवमधल्या 'महाराष्ट्र'ची सुरुवात तिला "ई जी के जे के" अशी ऐकू येते. अख्खी नोटीस अशी. नवीन आलेली मुलगी पहिल्या दिवशी हे ऐकते आणि गप्प बसते, कारण आल्याआल्या कुरकुर कशी करायची? आणि तुम्हाला वाटतं, हिला वाचता येत नाही.

उपाय एकच आहे आणि तो सगळ्यांच्या फायद्याचा आहे: यापुढे प्रत्येक पत्र युनिकोडमध्ये, म्हणजे ज्यात संगणकाच्या पोटातही खरं मराठीच असतं त्या पद्धतीत. जुन्या फाइली बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. काही जोडाक्षरं बिघडतात, ती एकदा डोळ्यांखालून घालावी लागतात. नेहमी लागणारे नमुने आधी बदलून घ्या, बाकीचे गरज पडेल तसे. ती स्वतः युनिकोडमध्ये, बहुधा इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या पद्धतीने टाइप करेल, आणि मराठी टायपिंगमध्ये ती तुमच्या बाकीच्या स्टाफपेक्षा मागे पडेल असं धरून चालू नका.

दुसरा अडथळा स्कॅनचा. सहकार खात्याचं परिपत्रक कोणीतरी मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकतं. तिच्यासाठी तो फोटो म्हणजे कोरा कागद. गूगल ड्राइव्ह किंवा लेन्समधून छापील मराठी बऱ्यापैकी उतरवून घेता येतं, हस्ताक्षराचा मात्र भरवसा नाही. मूळ फाइल असेल तर ती टाका, नसेल तर फोटोखाली दोन ओळी लिहा: कुठलं परिपत्रक, काय करायचं, कधीपर्यंत. खरं सांगायचं तर डोळे असलेल्यांनाही त्या दोन ओळी हव्याच असतात; ते परिपत्रक कोण उघडून वाचतं?

एक्सेलमध्ये दोन सवयी मोडा. शीर्षक सुंदर दिसावं म्हणून चार-चार रकाने जोडणं, आणि थकबाकीदारांना लाल रंग देणं. रंग तिला कळत नाही. 'थकीत' असा एक रकाना घाला आणि त्यात होय किंवा नाही लिहा. यादी गाळून बघायला तुम्हालाही तो रकाना उपयोगी पडेल.

आता कॅश. याचं उत्तर मी देणार नाही, ती देईल. पण विचारताना माहिती असू द्या. सध्याच्या नोटांपैकी 100, 200 आणि 500 ची रुंदी सारखीच, 66 मिलिमीटर. लांबी अनुक्रमे 142, 146 आणि 150. म्हणजे एका नोटेपासून दुसरीत फरक फक्त चार मिलिमीटरचा. स्पर्शासाठी 100 वर उठावाचा त्रिकोण आहे, 500 वर वर्तुळ, कडेला तिरक्या उठावदार रेषा, 100 ला चार आणि 500 ला पाच. कोऱ्या नोटेवर बोटाला हे लागतं. आठवडी बाजारातून फिरून आलेल्या, घडीची सुतळी झालेल्या नोटेवर काही लागत नाही. रिझर्व्ह बँकेचं 'मनी' नावाचं ॲप 2020 पासून आहे. मोबाइल नोटेवर धरला की किती रुपयांची ते सांगतं, इंटरनेट नसलं तरी. नोट खरी की खोटी हे मात्र सांगत नाही. म्हणून गर्दीच्या काउंटरवर रोकड मोजण्याचं काम बरेच दृष्टिहीन कर्मचारी स्वतःच नको म्हणतात. काही जण नोटा मोजणारं यंत्र आणि शेजारचा सहकारी असेल तर घेतात. तिला विचारा आणि ती म्हणेल ते माना.

सही पडताळणी आणि हाताने भरलेले अर्ज ही दोन कामं डोळ्यांची आहेत, तिथे उगाच आदर्शवाद नको. पण 'तिला ती कामं माफ' असंही करू नका, अदलाबदल करा. समजा कुलकर्णी तिच्या वाटच्या सह्या तपासतील, तर कुलकर्णींच्या वाटचे वसुलीचे फोन ती करेल. मुदत संपणाऱ्या ठेवींच्या ग्राहकांशी बोलणं, व्याजाचे हिशेब, पत्रव्यवहार, सभेचं इतिवृत्त, फोनवरच्या चौकशा ही सगळी पूर्ण कामं आहेत, तात्पुरती सोय नव्हे. हस्तलिखित कागद वाचून दाखवायला रोज ठरलेली अर्धा तास वेळ आणि ठरलेला माणूस ठेवा. नाहीतर तिला दर कागदाला कोणाची तरी मनधरणी करावी लागते, आणि एक दिवस ती विचारणंच सोडते.

पासवर्ड तिचा तिच्याकडेच. "सोपं पडावं म्हणून" तो शेजाऱ्याला सांगून ठेवायला लावू नका. सहीबाबतही एक: ती सही करत असेल तर अंगठा मागू नका. जुन्या पुठ्ठ्यात किंवा बाद झालेल्या एटीएम कार्डात सहीच्या आकाराची खाच कापली की ती कागदावर ठेवून त्या चौकटीत सही करता येते. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि जबाबदारी? तिचीच. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने मंजूर करायची, ही पद्धत तुमच्याकडे सगळ्यांना आहेच, तीच तिला. 3 मार्च 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की दृष्टिहीनता आहे म्हणून कोणाला न्यायाधीशपदाच्या भरतीतून वगळता येणार नाही. खटले ऐकून निकाल देता येतो, तर आवर्त ठेवीचं काय घेऊन बसलात.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण संचालक मंडळात कोणीतरी "हे सरकारी कार्यालयांना लागू, आपल्याला नाही" म्हणणारच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा, अंमलात आला 19 एप्रिल 2017 ला. त्यात खासगी आस्थापनेच्या व्याख्येत सहकारी संस्थेचा स्पष्ट उल्लेख आहे, म्हणजे तुमची पतसंस्था त्यात आली. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण लिहून प्रसिद्ध करायचं आहे. अवाजवी बोजा न पडता करता येण्यासारखी सोय नाकारणं, हा त्या कायद्यात भेदभावच धरला आहे. फुकटचा एनव्हीडीए टाकायला "आमच्या संगणकवाल्याला वेळ नाही" हे उत्तर त्यात बसत नाही. आणि चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा मुद्दाम पाणउतारा केला तर कलम 92 खाली सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आहे. स्टाफला हे घाबरवायला सांगू नका. गल्ल्यासमोर उभं राहून टिंगल करणारा एखादा ग्राहक निघाला तर तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं.

जागेकडे वळू. उंबरा, पायऱ्या यांची लोकांना फार काळजी असते. त्या जागच्या जागी असतात, एकदा कळल्या की झालं. घात करतं ते रोज बदलणारं. अर्धवट उघडा दरवाजा. बाहेर ओढून ठेवलेला ड्रॉवर. वाटेत टेकवलेला पाण्याचा जार. दारात पडलेला चपलांचा ढीग. दरवाजा एकतर पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, एवढा एक नियम पाळलात तरी कपाळावरची निम्मी टेंगळं वाचतील. काठी जमिनीवरचं सांगते, डोक्याच्या उंचीवरचं नाही. बाहेर उघडणारी खिडकीची झडप, जिन्याचा खालचा तिरका भाग, एसीचं बाहेरचं युनिट हे सगळं काठीला चुकवून थेट तोंडावर येतं. तुमच्या शाखेभोवती एक चक्कर मारा आणि खांद्याच्या वर काय काय बाहेर आलंय ते बघा.

पहिल्या दिवशी तिला शाखा फिरवून दाखवा, गर्दी सुरू व्हायच्या आधी. हात धरून ओढायचं नाही. तुमच्या हाताचा मागचा भाग तिच्या हाताला लागू द्या, ती कोपराच्या वर धरेल आणि अर्धं पाऊल मागून येईल. पायरी आली की "पायरी, वर" किंवा "पायरी, खाली" एवढंच बोला. "सांभाळून, सांभाळून!" असं ओरडण्यात माहिती काहीच नसते, नुसती छातीत धडकी. खुर्चीत धरून बसवू नका; तिचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवा, बाकीचं ती बघेल. लेडीज टॉयलेट एखाद्या सहकारी बाईंनी दाखवावं: भारतीय की कमोड, नळ कुठल्या हाताला, कडी कुठे, आणि किल्ली लागत असेल तर ती कुठल्या खिळ्याला. ही किल्ली शिपाईमामांच्या खिशात असते अशी कार्यालयं मी पाहिली आहेत. दर वेळी मामांना शोधत फिरायचं म्हणजे डोळे असलेल्या बाईलाही लाज वाटावी.

"इकडे ठेवलंय", "तिकडे आहे", बोट दाखवून "ते बघा" यातलं काहीही तिला पोचत नाही. "चहा तुमच्या उजव्या हाताला, टेबलाच्या कडेपासून वीतभर आत" हे पोचतं. जेवणाच्या ताटासाठी परदेशी पुस्तकांत घड्याळाचे आकडे वापरायला सांगतात, तीनच्या जागी भात वगैरे. आपल्याला त्याची गरजच नाही. मराठी ताट मुळातच शिस्तीत वाढलेलं असतं: वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी. घरी असंच जेवत आलेल्या मुलीला हे पाठ असतं. वार्षिक सभेच्या जेवणात केटररने जिलबी डावीकडे टाकली असेल तर तेवढं सांगा. बुफे असेल तर कोणीतरी ताट वाढून आणावं, पण काय हवं ते आधी तिलाच विचारून.

एवढं झालं की मग शब्द. आता ते सोपे जातात. सरकारी कागदावर 'दिव्यांग' लिहा. राज्यात डिसेंबर 2022 पासून त्याच नावाचा स्वतंत्र विभाग आहे. बोलण्यात 'दृष्टिहीन' चालतं, 'अंध'ही चालतं, त्यांच्या कित्येक शाळा-संस्थांच्या नावात तो आहे. काहींना 'दिव्यांग' गोड गोड वाटतो, काहींना 'अंध' बोचतो. एकदा विचारून घ्या. अंशतः दिसत असेल तर ती 'अल्पदृष्टी' म्हणेल, आणि मग मोठी अक्षरं, चांगला उजेड हा वेगळा विषय होईल. 'आंधळी', 'सूरदास', 'बिचारी' हे नको, हे सांगायला माझी गरज नसावी. पण खरं तर दिवसाला पन्नास वेळा लागणारा शब्द तिचं नाव आहे. बाकीच्या मुलींना ताई म्हणत असाल तर ताई, मॅडम म्हणत असाल तर मॅडम.

आणि 'बघणं' हे क्रियापद टाळत बसू नका. "काल मॅच बघितली का?" खुशाल विचारा, ती स्वतःही "मी बघते फाइल" असंच म्हणणार. 'आंधळी कोशिंबीर' म्हणताना जीभ अडखळली तर सगळेच अवघडतात. मात्र तिने एखादी अडचण सांगितल्यावर "आंधळा मागतो एक डोळा" हे तोंडातून निघालं, तर ते विनोद म्हणून खपत नाही.

शब्दांपेक्षा बोलण्याच्या काही सवयी जास्त खटकतात. खांद्यावर थाप मारून "ओळखा पाहू मी कोण?" हा सगळ्यांचा आवडता खेळ आहे आणि तो दृष्टिहीनांपैकी जवळजवळ कोणालाच आवडत नाही. "मी जोशी, कर्ज विभागातला" असं म्हणा आणि बोलायला लागा. जाताना "निघतो" म्हणा. नाहीतर ती रिकाम्या खुर्चीशी बोलत राहते आणि बाकीचे हसू दाबतात. मान डोलावणं तिला दिसत नाही, "हं" म्हणा. तिला सोडायला वडील किंवा भाऊ आला असेल तर "यांना साखर चालते का?" हे त्याला विचारू नका. तोंड तिच्याकडे करा. मोठ्याने बोलायचीही गरज नाही, तिला ऐकू उत्तम येतं. "जन्मापासून का?", "काही इलाज नाही का?", "देव एक घेतो पण दुसरं देतो" ही तीन वाक्यं पहिल्या आठवड्यात ग्राहक बोलणारच, निदान स्टाफने बोलू नयेत. ओळख वाढली की तीच सांगेल, किंवा नाही सांगणार.

एक हात जोडून विनंती. पहिल्या दिवशी शाल-श्रीफळ, फोटो, स्थानिक पेपरात "जिद्दीला सलाम", हे करू नका. कोणीतरी भाषणात उल्हासनगरच्या दृष्टिहीन प्रांजल पाटील आयएएस झाल्या त्याचं उदाहरण देईल. उदाहरण खरं आहे आणि अभिमानाचंही आहे, पण क्लार्क म्हणून लागलेल्या मुलीने रोज प्रेरणा द्यायचा करार केलेला नाही. बाकीचे नवीन लोक रुजू होतात तेव्हा काय करता? पेढे? तर पेढे, आणि ते तिने आणायचे.

ग्राहकांचं विचारलं नाहीत, तरी सांगते. पहिले काही दिवस वयस्कर ठेवीदार तिच्या टेबलासमोरून उठून शेजारी जाऊन उभे राहतील. शेजारच्याने त्यांचं काम करून टाकू नये. "त्याच बघतात हे" म्हणून परत पाठवावं. दोनदा काम बिनचूक झालं की तेच आजोबा तिसऱ्यांदा "त्या पोरीकडेच देतो" म्हणून रांग लावतात.

राहिला चुकीचा प्रश्न. व्याज चुकीचं लागलं, नोंद भलत्या खात्याला पडली, तर बाकीच्यांना बोलता तसंच बोला, केबिनमध्ये, स्पष्ट. "जाऊ द्या, तिला कुठे दिसतंय" म्हणून मागच्या मागे चूक दुरुस्त करून टाकलीत, तर ती चूक तिला कधी कळणारच नाही, आणि बढतीच्या वेळी मात्र तुमच्या मनात ती हिशेबाला धरलेली असेल. आधी एवढंच तपासा की चूक तिची आहे की सॉफ्टवेअरने तिला रकाना चुकीचा वाचून दाखवला. तिचीच असेल आणि मेमो द्यायची वेळ आली, तर जरूर द्या. फक्त तो युनिकोडमध्ये टाइप करून ईमेलने पाठवा, सही-शिक्क्याचा स्कॅन नको.